लाकडी टिकी पुतळा दर वर्षी सोलतो, तडकतो, बुडाशी कुजतो? आधी ब्रश खाली ठेवा

टिकी म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांच्या धर्तीवर कोरलेला देवाच्या मूर्तीसारखा पुतळा. बागेतल्या लाकडी टिकीचं हे दुखणं मी इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता पुतळा लांबून बघितला तरी अंदाज येतो कुठे पाणी मुरतंय. आधी स्वतःचे दोन, मग ओळखीतल्यांचे, मग त्यांच्या ओळखीतल्यांचे. गोष्ट दर वेळी तीच. आणला तेव्हा चकाचक होता, एक पावसाळा गेला आणि वार्निश सोललं, मग वरून अजून एक हात मारला, पुढच्या वर्षी परत सोललं आणि शिवाय कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर, मग चिरेत पुट्टी भरली, ती पुट्टी सुटून बाहेर आली, आणि तिसऱ्या वर्षी बुडाशी बोट दाबलं तर बोट आत. मग दुकानदाराला आणि वार्निशच्या डब्याला शिव्या. डब्याचा दोष फार कमी वेळा असतो. पाणी खालून किंवा आतून येत असतं आणि आपण वरून झाकण घट्ट करत बसतो.

म्हणून क्रम असा ठेवलाय की फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, खर्चिक आणि घाम काढणाऱ्या शेवटी. उड्या मारू नका, कारण अर्ध्या लोकांचं काम तिसऱ्या तपासणीतच संपतं.

लक्षणं

यातलं काय काय दिसतंय ते आधी बघून ठेवा, एका पुतळ्यात दोन-तीन एकत्र असतातच:

- वार्निशचे पापुद्रे सुटतात, खालचं लाकूड करडं पडलेलं. किंवा वार्निशखाली पांढुरके ढग आणि फोड.
- डोक्यापासून खाली एक मोठी उभी चीर, बाकीच्या बारीक. मोठी बहुतेक एकच असते.
- बुडापासून चार बोटं वर काळा पट्टा, पाऊस थांबून आठवडा झाला तरी ओलसरच.
- बुडाशी किंवा चिरेतून कुत्र्याची छत्री उगवलीय. हे दिसलं तर आतलं लाकूड बरंच आधीपासून कुजतंय, छत्री फक्त आता बाहेर आलीय.
- पुतळ्याखाली पिठासारखी भुकटी, अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं.
- काळे ठिपके, विशेषतः डोळ्यांच्या खोबणीत आणि काखेत.
- पावसानंतर खालच्या फरशीवर तपकिरी ओघळ.
- धक्का दिला की डुलतो.

शेवटचं लक्षण असेल आणि पुतळा कमरेपेक्षा उंच असेल तर पुढचं वाचायच्या आधी त्याला दोरीने बांधा नाहीतर आडवा करा. मोठा ओंडका पायावर पडला तर पायाचं काही खरं नाही, आणि बागेत लहान मुलं असतात.

पहिली तपासणी: पाऊस पडून गेल्यावर नुसतं बघा

पाऊस थांबला की लगेच एक फोटो, आणि दोन कोरडे दिवस गेल्यावर त्याच जागेवरून दुसरा. दुसऱ्या फोटोत जिथे अजून गडद दिसतंय तिथे पाणी अडकतंय. इतकं सोपं आहे आणि कोणी करत नाही. टिकीचा चेहराच असा असतो की पाणी साठायला जागा भरपूर, खोल डोळे, उघडं तोंड, बाहेर आलेली जीभ, पोटावर दुमडलेले हात, सपाट टाळू. कारागीर शोभेसाठी कोरतो आणि पाण्याला आयत्या वाट्या मिळतात.

हे महत्त्वाचं का, तर लाकूड भिजलं म्हणून कुजत नाही, भिजलेलं राहिलं म्हणून कुजतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. दिवसभर पाऊस झेलून दुसऱ्या दिवशी सुकणारा पुतळा वर्षानुवर्षं टिकतो आणि तोंडात वाटीभर पाणी घेऊन पंधरा दिवस उभा राहणारा आतून जातो. ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांना आणखी एक ताप, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि चिरेला आतून रेटतं.

उपाय स्वस्त आहे. तोंडाच्या किंवा डोळ्याच्या सगळ्यात खोल बिंदूपासून खाली आणि बाहेरच्या बाजूला उतार देत ६ मिमीचं भोक पाडा, ओठाखालच्या सावलीत निघालं तर दिसतसुद्धा नाही. भोकाच्या आतही तेल किंवा वार्निश जे लावणार ते लावा, नाहीतर नवीन उघडं लाकूड तयार केलंत. आणि बघा की झाडांना पाणी देणारा फवारा रोज पुतळ्याच्या पाठीवर तर येत नाही ना. एकदा मी दोन तास वार्निशचा अभ्यास केला आणि कारण निघालं दहा फुटांवरचा फवारा, त्याचं तोंड फिरवलं आणि झालं. वेल चढवला असेल तर तोही उतरवा, दिसायला झकास पण अंगाला वारा लागू देत नाही.

दुसरी: पाण्याचे चार थेंब

कोरड्या दिवशी खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर आणि बुडाजवळ पाण्याचे थेंब टाका. थेंब गोल टिकून राहिला तर वरचा थर शाबूत. मिनिटा-दोन मिनिटांत पसरून लाकूड गडद झालं तर तिथला थर संपलाय. बहुतेक वेळा पाठ ठीक असते आणि डोकं संपलेलं असतं, कारण ऊन आणि पाऊस दोन्ही डोक्यावरच. मग अख्खा पुतळा रंगवायची गरज नाही, डोकं आणि खांदे केले तरी वर्ष निघतं.

डोक्याचं अजून एक आहे. टाळू म्हणजे ओंडक्याचं कापलेलं तोंड. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढायचं त्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात, म्हणून बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कापलेलं तोंड कितीतरी पट वेगाने पाणी पितं. बुडाचंही तसंच, आणि खरा गोंधळ तिथेच आहे.

तिसरी: बूड

पुतळा तिरपा करून खाली बघा. एकट्याने नको, दोघं जण लागतात.

मातीत पुरलेला असेल तर निदान झालं, पुढे तपासायचं काही उरलं नाही. कुजणं सगळ्यात जोरात होतं ते जमिनीच्या पातळीला, कारण तिथे ओल पण असते आणि हवा पण असते. खूप खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी, मधल्या वीतभर पट्ट्यात बुरशीची मेजवानी. जुने कुंपणाचे खांब नेमके तिथेच मोडतात, बघितलं असेल.

आता माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. माझा पहिला पुतळा डुलायचा म्हणून मी खड्डा खणून त्याच्याभोवती छान सिमेंट ओतलं, वरून गुळगुळीत केलं, स्वतःवर खूश झालो. लाकूड सुकून आकसलं आणि सिमेंटमध्ये त्याच्याभोवती बोटाच्या नखाएवढी फट पडली, प्रत्येक पाऊस त्या फटीतून खाली जायचा आणि बाहेर यायला वाट नाही. म्हणजे मी पुतळ्याला पाण्याने भरलेला बूट घातला होता. दोन वर्षांत बूड गेलं, वरचा चेहरा अजून नवाकोरा होता.

फरशीवर नुसता ठेवलेला असेल तरी पूर्ण सुरक्षित नाही. फरशी आणि लाकूड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि बूड तो सावकाश शोषत राहतं. करायचं काय, तर बुडाखाली हवा खेळती हवी. रबराचे किंवा कडक प्लास्टिकचे तीन-चार पाय, २ सेमी उंचीचे, पुरतात. तीन पाय लावले तर डगमगत नाही पण उंच पुतळ्याला चार बरे. बागेत मातीवरच ठेवायचा असेल तर आधी खडीचा थर, त्यावर फरशी, त्यावर पाय, त्यावर पुतळा. आणि बूड उलटं करून कोरडं ठणठणीत झाल्यावर त्याच्या कापलेल्या तोंडाला तेल किंवा पातळ केलेलं वार्निश लाकूड प्यायचं थांबेपर्यंत पाजा, एकामागून एक. विकत आणलेल्या पुतळ्यांच्या बुडाला काहीही लावलेलं नसतं, मी आजवर एकही बघितला नाही.

उंच पुतळा वाऱ्याने पडू नये म्हणून मातीत गाडायची गरज नाही. खालून मधोमध भोक पाडून स्टेनलेसचा आटे असलेला रॉड बसवा, रॉड खाली काँक्रीटच्या ठोकळ्यात, आणि लाकूड काँक्रीटपासून दोन बोटं वर. साधं लोखंड वापरू नका, गंजतं आणि लाकडाला काळे डाग पाडतं.

चौथी: टोचा आणि ठोका

जुना स्क्रूड्रायव्हर घ्या, बुडाच्या आसपास चारी बाजूंनी, चिरेच्या काठाला, तोंडाच्या तळाला टोचत जा. चांगलं लाकूड टोकाला अडवतं आणि उचकटलं तर लांब कुसळ निघतं. कुजलेलं असेल तर टोक लोण्यात गेल्यासारखं जातं आणि उचकटल्यावर छोटे चौकोनी तुकडे पडतात. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वरपासून खालपर्यंत ठोकत या, टणक आवाज बदलून भदभद झाला की तिथे आत पोकळ आहे. प्रत्येक मऊ जागी खडूने खूण करा आणि किती आत गेलं ते मिमीमध्ये लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे.

नारळाच्या किंवा ताडाच्या खोडाचा पुतळा असेल तर इथे फसाल, म्हणून सांगतो. माडाचं खोड साध्या झाडासारखं नसतंच, वर्षांच्या कड्या नाहीत, बाहेरची बाजू कडक आणि मधला गाभा मऊ. बाहेरचं लाकूड घनमीटरला ६०० किलोच्या वर भरतं, मधलं ४०० च्या खाली. त्यामुळे बाहेरून टोचलं तर पोलाद आणि आत भुसा, अशी अवस्था नेहमीची. माडाच्या पुतळ्याला खालून टोचा, मधोमध.

पाचवी: काळं पडलंय ते नेमकं काय

हे पटकन होतं. घरातलं साधं क्लोरीनवालं ब्लीच, एक थेंब काळ्या डागावर. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिकट झाला तर ती वरवरची बुरशी. काहीच झालं नाही तर धूळ-काजळी किंवा लोखंडाचा डाग, म्हणजे जवळपास खिळा, तार, स्टीलच्या ब्रशचे कण असं काहीतरी आहे, कारण लाकडातला टॅनिन नावाचा तुरट पदार्थ आणि लोखंड भेटले की शाईसारखा काळा रंग होतो.

बुरशीला ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाण्यात कालवून मऊ ब्रशने घासा आणि भरपूर धुवा. लोखंडाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कुठलंही ॲसिड किंवा अमोनिया चुकूनही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतात. एक काम झालं, पाण्याने स्वच्छ धुतलं, सुकलं, मगच दुसरं.

बरेच टिकी मुद्दाम जाळून काळे केलेले असतात. ती काजळी नीट घासून काढलेली नसेल तर वार्निश लाकडाला चिकटतच नाही, काजळीला चिकटतं, आणि काजळी सुटली की दोघं मिळून बाहेर. पहिल्याच वर्षी मोठे मोठे पापुद्रे निघण्याचं हे एक कारण. पितळी किंवा नायलॉनचा ब्रश वापरा, स्टीलचा नको, वर सांगितलं तेच कारण.

सहावी: भुकटी

खाली पांढरा कागद पसरा, चार दिवस ठेवा. कागदावर मैद्यासारखी मऊ भुकटी आणि भोकं १ ते ३ मिमीची, म्हणजे घुण. खसखशीसारखे टणक दाणे, आणि भिंगातून बघितलं तर सहा बाजू असलेले, म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर जमिनीतली वाळवी. जुनी भोकं म्हणजे जिवंत कीड असं नाही, म्हणून कागद. नवीन भुकटी पडली तरच आत कोणी आहे.

घुणासाठी बोरेट, म्हणजे बोरॉनचा कीड मारणारा क्षार, चालतं, पण त्याचे दोन नियम आहेत. एक, लाकूड उघडं पाहिजे, वार्निशवरून बोरेट म्हणजे रेनकोटवरून औषध चोळणं. दोन, बोरेट पाण्यात विरघळतं, म्हणजे पावसाने धुऊन जातं, त्यामुळे ते मुरून लाकूड सुकल्यावर वरून पाणी रोखणारा थर हवाच. आणि खालची माती झाका, बोरॉन जास्त झालं तर झाडं करपतात, टिकी वाचवताना गुलाब घालवू नका. मोठा पुतळा असेल तर बोरेट गाभ्यापर्यंत पोचेल याची खात्री धरू नका, आतली कीड बाहेर पडताना मरते, लगेच नाही.

सातवी: चीर

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात म्हणून जरा लांबण लावतो.

अख्ख्या गोल ओंडक्यातून कोरलेला पुतळा तडकणारच. लाकडातली ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेली की लाकूड आकसायला लागतं, आणि ते सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. गोलाईच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या जवळपास निम्मंच ते सालीकडून गाभ्याकडे आकसतं. म्हणजे असं समजा की पोट एक इंच कमी झालं आणि कमरेचा पट्टा दोन इंच. पट्टा कुठेतरी तुटणार. तुटतो तिथे तुमची चीर. बनवणाऱ्याने कितीही चांगलं कोरलं तरी हे टळत नाही. जपानी सुतार म्हणूनच खांबांना मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत मुद्दाम उभा काप देऊन ठेवतात, सेवारी म्हणतात त्याला, म्हणजे तडकायचं तर मागे तडक, समोरून नको.

आता चिरेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलने एकेक बारीक ठिपका करा आणि दोघांमधलं अंतर मोजून तारीख टाका. महिन्याने परत मोजा. चीर कोरड्या दिवसांत उघडते आणि ओल्या दिवसांत मिटते, ती श्वास घेते असं म्हणा. आणि आपण काय करतो, ती सगळ्यात उघडी असताना तिच्यात दगडासारखी एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) ठासतो. पाऊस आला, लाकूड फुगलं, मिटायला जागा नाही, मग एक तर पुट्टी सुटते नाहीतर पाचर ठोकल्यासारखी शेजारी नवी चीर पडते. पुट्टी बाहेर येते ती यामुळे, पुट्टी वाईट होती म्हणून नव्हे.

मी काय करतो: चीर मागे किंवा बाजूला असेल तर तशीच सोडतो, फक्त तिच्या तळाला पाणी साठत नाही ना बघतो आणि आत बारीक ब्रशने तेल घालतो. दर्शनी भागात असेल आणि फारच डोळ्यात येत असेल तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी चिरेत बसवायची, पण गोंद पट्टीच्या एकाच बाजूला. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. डोक्यावरून चिरेत पाऊस पडत असेल तर टाळूवर तांब्याच्या पत्र्याची छोटी टोपी, मधे थोडी हवा ठेवून. तांबं हिरवट पडतं ते टिकीला उलट शोभून दिसतं.

कोणी सांगेल पॉलिएथिलीन ग्लायकॉल लावा, तडे जात नाहीत. खरं आहे, स्वीडनचं वासा नावाचं जहाज १६२८ मध्ये बुडलं आणि १९६१ मध्ये वर काढलं, त्यावर १७ वर्षं हेच फवारत होते. पण ते जहाज आता छपराखाली आहे. हे रसायन पाण्यात विरघळतं, पावसात उभ्या पुतळ्याला त्याचा उपयोग नाही.

आठवी: ओल मोजणं

इथून पुढे थोडा खर्च. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर आणा किंवा मागून घ्या. बुडाशी, पोटाशी, डोक्याशी मोजा. मीटरच्या सुया फक्त वरचे काही मिमी वाचतात, त्यामुळे बाहेर १४ आणि आत ३० असं सर्रास असतं, ज्या जागी भोक पाडायचंच आहे तिथे आत मोजलं तर खरं कळतं. बोरेट लावलेलं असेल तर आकडा फुगलेला दिसतो हेही लक्षात ठेवा. छोटा पुतळा असेल तर मीटरचीही गरज नाही, घरच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला ठेवा, वजन उतरायचं थांबलं की सुकला.

हे का करायचं, तर ओल्या लाकडावर वार्निश लावलं की ऊन पडल्यावर आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि थराला खालून उचलतं. सुरुवातीला लिहिलेले फोड आणि पांढरे ढग ते हेच. आकडा १५-१६ च्या आसपास आल्याशिवाय मी डबा उघडत नाही. तोवर पुतळा छपराखाली, सावलीत, वाऱ्याला. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवून घाई केली तर बाहेरचं पटकन आकसतं, आतलं ओलंच, आणि चार चिरा जादा पदरात पडतात. मोठ्या ओंडक्याला महिने लागतात, काहींना वर्ष. कंटाळवाणं आहे, मान्य.

नववी: सगळं उतरवून नव्याने

वार्निश तीनपेक्षा जास्त जागी सुटलं असेल तर वरून हात मारायचा नाही, सगळं उतरवा. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, मोडतात, वरचा करडा थर म्हणजे सुटलेले तंतू, त्याच्यावर काहीही लावलं तरी ते त्या तंतूंसकट निघणार. चांगलं लाकूड दिसेपर्यंत घासायचं. कोरीव खाचांत सॅन्डपेपर पोचत नाही, तिथे नायलॉनचा ब्रश. मास्क घाला.

मग तेल की वार्निश. वार्निश लावायचंच तर बाहेरच्या लाकडासाठी बनवलेलं, लवचीक, अतिनील रोखणारं, ज्याला स्पार वार्निश म्हणतात ते घ्या, घरातल्या टेबलाचं पॉलियुरेथेन नको, ते कडक असतं, लाकूड हललं की तडकतं आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत जाऊन मागे अडकतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर टिकीला तेलच. चकाकी कमी येते, दर वर्षी लावावं लागतं, पण सोलायला थरच नसतो, त्यामुळे पुढच्या वर्षी धुवा, सुकवा, परत लावा, इतकंच. थोडा रंगकण असलेलं तेल पारदर्शक तेलापेक्षा ऊन जास्त झेलतं. नुसतं जवसाचं तेल नको, बुरशीला ते खाऊ वाटतं, बुरशीनाशक मिसळलेलं बाहेरच्या लाकडाचं तेल घ्या. पातळ हात, १५-२० मिनिटांनी जे मुरलं नाही ते पुसून टाका, नाहीतर चिकट राहतं आणि त्यावर सगळ्या बागेची धूळ.

आणि तेलाची फडकी. गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेतात, गंमत नाही, सुकताना तेल गरम होतं आणि गोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

दहावी: बूड कापणं

चौथ्या तपासणीत बूड गेलेलं निघालं पण वरचं टणक असेल तर कुजलेला भाग पूर्ण कापून, त्याच्या वर अजून काही सेमी चांगलं लाकूडही कापून, नव्या तोंडाला कॉपर नॅफ्थेनेटसारखं लाकूड टिकवणारं औषध पाजून, पुतळा रॉडवर उभा करायचा. टिकी थोडा बुटका होतो, कोणाच्या लक्षात येत नाही. मऊ जागा छोटी आणि वरवरची असेल तर कुजलेलं खरवडून, सुकवून, पातळ एपॉक्सी मुरवून मग भरता येतं. ओल्या लाकडात एपॉक्सी भरली तर आत कुजणं चालूच राहतं, फक्त आता दिसत नाही.

कुठे थांबायचं

पुतळा डोक्याच्या उंचीचा किंवा त्याहून मोठा असेल आणि बूड कापायचं असेल तर चेनसॉवाल्या माणसाला बोलवा. आडवा लोळणारा ओंडका एकट्याने कापणं हा अपघात आहे, दुरुस्ती नव्हे. स्क्रूड्रायव्हर चारी बाजूंनी ३ सेमीपेक्षा जास्त आत जात असेल तरी सुताराला दाखवा, उभा ठेवू नका. मातीच्या नळ्या पुतळ्यावरून घराकडे जाताना दिसल्या तर पेस्ट कंट्रोल, त्याच दिवशी, कारण मग प्रश्न टिकीचा राहिला नाही. पुतळा छत किंवा मांडव पेलत असेल तर हात लावू नका. १९५०-६० च्या दशकांतला अमेरिकन टिकी असेल आणि जुना रंग असेल तर घासू नका, शिसं असू शकतं, तिथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ मध्ये आली. आणि खरंच पॉलिनेशियातून आलेली जुनी मूर्ती वाटत असेल तर तेलसुद्धा नको, पुसूसुद्धा नका, घरात घ्या आणि संग्रहालयाच्या संवर्धकाला विचारा. हवाईतल्या कू देवाच्या ज्या तीन मोठ्या जुन्या लाकडी मूर्ती उरल्यात त्या होनोलुलू, सेलम आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत, तिन्ही छपराखाली.

पुढचा विकत घेताना

वरच्या दहापैकी निम्म्या भानगडी आपण दुकानातूनच घेऊन येतो. उचलून बघा, आकाराच्या मानाने फारच जड लागला तर ओला आहे. फारच हलका असेल तर अल्बेसियासारखं मऊ लाकूड, बालीहून येणाऱ्या कोरीव कामात ते खूप असतं, व्हरांड्यात ठीक, पावसात नाही. साग किंवा रेड सीडर म्हणून विकत असतील तर बूड बघा, मधलं गडद लाकूडच टिकाऊ असतं, बाहेरची फिकट कड कुठल्याही जातीची असली तरी लवकर कुजते. पांढरं ओलं फडकं चोळा, रंग फडक्यावर आला तर पहिल्या पावसात फरशीवर येणार. चीर आधीच पडलेली असेल तर घाबरू नका, मी तर तसाच शोधतो, त्याचं आकसून झालेलं असतं आणि चीर कुठे आहे ते बघून घेता येतं. अजिबात चीर नसलेला ताजा ओंडका घरी येऊन तडकतो.

आणि पेटीवर एचटी (हीट ट्रीटेड, म्हणजे तापवलेलं) असा शिक्का बघून कोणी म्हणालं की लाकूड प्रक्रिया केलेलं आहे, तर तो शिक्का पेटीच्या लाकडाचा असतो. गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवला असा त्याचा अर्थ. पुतळा स्वतः तसा तापवलेला असला तरी आतली कीड मेली एवढंच, लाकूड सुकलं नाही आणि नवीन कीड यायला कोणाची हरकत नाही. घरी आणल्या दिवशी बूड वर करा, तेल पाजा, पाय ठोका, मग जागेवर न्या.